चौथी फेरी

वृंदाने किराणा दुकानाचा फोटो काढला तशी आतली सोमाली बाई बाहेर येऊन दारातच उभी राहिली.

हॅलिफॅक्सहून टोरांटोला बदली झाल्यापासून वृंदा या गल्लीत चौथ्यांदा आली होती. मशिदीला लागून तमिळ खानावळ, शेजारी फिलिपिनो न्हाव्याचं दुकान, शाळा जवळ, भाडंही परवडणारं. एवढं सगळं जमून येतंय म्हणजे काहीतरी गोम असणार, असं तिला वाटत होतं. मुलीला घेऊन एकटीने राहायचं, म्हणून ती दारांची कुलपं, जिने, कोपऱ्यावरची माणसं, सगळं टिपून घेत होती.

"तुम्ही कुठल्या बिल्डरकडून आलात?" बाईने विचारलं.

न्हावीही कात्री हातात घेऊनच बाहेर आला. "पलीकडची गल्ली पाडली, त्याआधी असेच फोटो काढून नेले होते."

आपलाच कोणाला संशय येईल, हे वृंदाच्या मनातही आलं नव्हतं. "मी घर शोधतेय," ती म्हणाली. "मुलीला आणि मला."

बाईचा चेहरा काही निवळला नाही. "वरचं घर रिकामं आहे. उद्या मुलीला घेऊन या. तुम्ही घर बघा, आम्ही तुम्हाला बघतो."