पाण्याला दिलेला पहिला मासा

राघू भोयाचा लेक सटवा, सटव्याचा बापू आणि बापूची लेक तान्हूबाई. या घराने दिवसाचा पहिला मासा नेहमीच पाण्याला परत दिला. पण आता धरणात सोडलेल्या प्रत्येक बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, पोटात ओळख सांगणारा कण असे. मासा होडीत आला, की काठावरचे यंत्र तो मोजी आणि दिवसाचे दहा भरताच जाळे आपोआप मिटे. सोडून दिलेला मासाही मेलेला म्हणून मोजला जाई. सात वर्षे तान्हूबाईच्या घरी नऊच मासे येत होते.

“मर्यादा सर्वांना सारखी, बाई. एवढी हाव बरी नव्हे,” सोडलेल्या माशांची भरपाई मागायला आलेल्या तान्हूबाईला वाटपाधिकारी कुलथे म्हणाले.

तान्हूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाण्याने भरलेले घमेले तिने त्यांच्या टेबलावर आदळले. आत एक जिवंत कटला मासा होता.

“विचारा तुमच्या यंत्राला, हा किती वेळा मेला!”

पडद्यावर उमटले: मासा एक, पकडल्याच्या नोंदी सहा.

“सहा वेळा मेलेला मासा तुमच्या तोंडावर पाणी उडवतो आहे, साहेब! माझ्या पोरांच्या ताटातला घास काढलात आणि हावरट मी? सोडलेले मासे पाण्यातच आहेत. माझे मला द्या!”

कुलथ्यांनी चेहरा पुसला आणि हुकूम लिहिला: सोडलेला मासा मोजू नये, आणि थकलेले मासे रोज पाच याप्रमाणे द्यावेत.

दुसऱ्या दिवसापासून तिचे जाळे पंधरावर मिटू लागले. सुमारे दीड वर्षाने थकबाकीतला शेवटचा मासा होडीत पडला, त्या सकाळीही तिने पहिला पाण्याला दिला होता. यंत्राने तो मोजला नाही. सात वर्षांचे देणे पुरते फिटले होते.