स्प्रिंग की रबर

१९९४ साल. हैदराबादेत नल्लकुंट्याला राहणाऱ्या टायपिस्ट कमलबाईंना बढतीसाठी सोमवारी कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा द्यायची होती. सरावासाठी कॉम्प्युटर भाड्याने आणला, तेव्हा दुकानदाराने दोन भारी कीबोर्ड दिले, पसंत पडेल तो ठेवा म्हणून. त्यांच्या यजमानांनी, नरहररावांनी, घरी येताच दोन्ही उघडले.

“अहो, मला नुसती बोटं चालवायचीत. त्यांची पोटं कशाला फाडता?”

“भेंडीसुद्धा तू मोडून बघूनच घेतेस ना? ठैर जरा.”

एकात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग निघाली, दुसऱ्यात रबराची चादर. रविवारची संध्याकाळ झाली तरी दोघे पलंगाखाली उडालेल्या स्प्रिंगा शोधत होते, आणि सराव राहिला तो राहिलाच.



पुढे कीबोर्ड दुरुस्तीत नरहररावांनी अख्ख्या हैदराबादेत नाव काढले. कमलबाई टायपिस्ट म्हणूनच निवृत्त झाल्या.