खालच्या खणातली बाटली

पाचवी बाटलीही फसली तर काय करायचं, ते शकुबाईंनी ठरवून टाकलं होतं. ताप आल्याचं सोंग करून आतल्या खोलीत पडून राहायचं. पाहुण्यांना तोंडच दाखवायचं नाही.

"आई, हात हलवू नको," संस्कृती म्हणाली. सकाळच्या उजेडात तिनं आईचा उजवा हात खिडकीत धरला होता. मनगटापासून बोटांपर्यंत कोडाचे पांढरे डाग. तिनं फाउंडेशनचा थेंब टाकला, बोटानं हलके हलके थापटला. डाग दिसेनासा झाला. मग दुसरा, मग तिसरा. दोघी हाताकडं बघतच राहिल्या. अकरा वर्षांनी शकुबाईंना तो हात आपला वाटला.

या हातापायी संस्कृतीची दोन स्थळं मोडली होती. भिगवणचे पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. दुसऱ्यांनी पत्रिका जुळत नाही असं फोनवर कळवलं, आणि पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, यात कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. पण स्थळं काही डॉक्टरांना विचारून येत नाहीत. आज वरकुट्याचा ऋषिराज यायचा होता. तो दोनदा फोनवर बोलला होता आणि तेव्हापासून पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. खरं सांगून टाकू, असं ती म्हणत होती. शकुबाईंनी तिला गळ्याची शपथ घातली. हेही गेलं तर पोरीच्या आयुष्याचं वाटोळं आपल्या हातानं झालं, एवढंच त्यांना कळत होतं.

मोबाइलवरच्या पोरी एकेका स्वस्त बाटलीचं तोंड भरून कौतुक करायच्या. संस्कृती ती आणायची. एकीनं हात पिठात बुडवल्यासारखा दिसला. दुसरी तासाभरात विटेसारखी लाल झाली. तिसरी भेगाळली. चौथी बल्बच्या उजेडात झकास जमली आणि उन्हात राखेसारखी दिसायला लागली. काल दुपारी पाचवीसाठी संस्कृती बारामतीला मोठ्या दुकानात गेली, तर तिथली पोरगी म्हणाली, "नवरीला एक नंबर उजळच घ्यायचा असतो."

"उजळ नको. उन्हात रापलेल्या हाताचा रंग पाहिजे."

पोरगी जरा घुटमळली. मग वाकून तिनं खालच्या खणातून एक बाटली काढली. "एकच आहे, आणि ती ठरलेल्या गिऱ्हाइकाची आहे. आपल्या खऱ्या रंगाची बाटली दुसरं कुणी मागतच नाही."

"त्यांना दुसरी मागवा ना, ताई. मला उद्याच पाहिजे." संस्कृतीचा आवाज असा भरून आला, की पोरीनं बाटली मुकाट्यानं पिशवीत घातली.

अकराला पाहुणे आले. ऋषिराज, त्याचे वडील आणि आई फुलाबाई. शकुबाईंनी फुलाबाईंना चोरून न्याहाळलं. एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं, डावा हात पदरात. हात धुवायला पाणी दिलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." पोहे चमच्यानं खाल्ले. बाई भलतीच तालेवार दिसत होती. शकुबाईंनी कुंकू लावलं, तेव्हा तिची नजर कपाळाकडं येणाऱ्या हातावर होती.

शकुबाईंनी सकाळपासून पाण्याला हात लावला नव्हता. पण भीतीनं तळव्यांना घाम फुटला होता. त्यांनी फुलाबाईंच्या हातात चहाचा कप दिला. पांढऱ्या कपाच्या कानावर मातकट बोट उमटलं.

फुलाबाईंनी ते पाहिलं. झटकन पदराचं टोक फिरवून कप पुसला. किळस आली असणार, शकुबाईंना वाटलं. बाहेर दोघांचे वडील उसाच्या गप्पा मारत होते. ऋषिराज संस्कृतीकडं बघून हसत होता.

"मोरी कुठं हाय? जरा दावा," फुलाबाई उठत म्हणाल्या.

आत जाताच त्यांनी दार लोटून घेतलं.

"हात दावा."

"कशाला ओ?"

"दावा म्हणते न्हवं."

त्यांनी पदराचं टोक बादलीत बुडवलं आणि शकुबाईंच्या हातावरून फिरवलं. पांढरा डाग लख्ख उघडा पडला. शकुबाईंनी खाली बसून फुलाबाईंचे पाय धरले.

"बाई, पोरीला काय न्हाय ओ. तिच्याकडं बघा, माझ्याकडं बघू नका. लगीन झाल्यावर मी वरकुट्याला पाऊल टाकणार न्हाय. सणाला येणार न्हाय, बाळंतपणाला येणार न्हाय. कुणी इचारलं, तर तिची आई मेली म्हणून सांगा. पर स्थळ मोडू नका."

फुलाबाईंनी शकुबाईंना दंडाला धरून उठवलं. मग पदरातला डावा हात बाहेर काढला आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे डाग होते. त्यावर न जमणाऱ्या, दोन नंबर उजळ रंगाचा थर ठिकठिकाणी भेगाळला होता.

"काल सांजच्याला बारामतीला गेले हुते," फुलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र हसत होते. "दुकानातली पोरगी म्हणली, तुमची बाटली दुपारीच एक पोरगी रडकुंडीला येऊन घेऊन गेली. म्हंजी माझी बाटली माझ्या सुनंनंच न्हेली म्हणा की!"