बिनखाडाखोडीचं पत्र

“सापडलं, सर!” सचिवांच्या केबिनचं दार अल्काने आज न ठोठावताच उघडलं.

वीरेंद्र बिसेन हे आमगावकडच्या एका शाळेच्या संस्थेचे सचिव, आणि अल्का रामटेके तिथली टेम्पररी क्लार्क. टेम्पररी म्हणजे अकरा वर्षांची. डिसेंबरात तिची वयोमर्यादा संपणार होती. एकदा ती संपली की कायमच्या नोकरीचं नाव काढायची सोय नव्हती.

पीडीएफमधला मजकूर हवा तसा बदलता येईल असं सॉफ्टवेअर शोधायचं काम सचिवांनी तिला महिन्यापूर्वी दिलं होतं. तोवर ऑफिसात जुनी रीत चालायची. प्रिंट काढायची, चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवायची, झेरॉक्स मारायची आणि ती पुन्हा स्कॅन करायची. पट्टी कापण्यात अल्काचा हात कोणी धरू शकत नव्हतं, तरी पट्टीची कड काळी रेघ होऊन उमटायचीच. “हे झंझट संपव,” सचिव म्हणाले होते, “तुह्या परमनंटचं मी पाहतो.”

मग काय, बाई जेवणाची सुट्टी विसरली. एक सॉफ्टवेअर पानभर आडवं स्वतःचंच नाव छापायचं. दुसरं उघडायच्या आधीच बँकेचं कार्ड मागायचं. बाकीची इंग्रजीपुरती शहाणी, मराठी दिसली की काना-मात्रा सांडून मोकळी. पंधरावं मात्र खरं निघालं.

तिने दिवाळीच्या सुट्टीचं परिपत्रक उघडलं आणि सोमवारचा मंगळवार करून दाखवला. सचिव खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले.

“समजन का कोणाले?”

“कोणाच्या बापाले नाही समजणार, सर.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण सचिव हसले.

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एकच फाइल होती. वरच्या कार्यालयाचं मान्यतेचं पत्र. कनिष्ठ लिपिक, कायम पद, आणि नावाच्या रकान्यात अल्का रामटेके. तिने ते दोनदा वाचलं. तारीख सव्वा महिन्यापूर्वीची होती.

“सर, हे तं माहं...”

“आलं होतं. ठेवलं होतं.”

अल्काचे डोळे भरून आले. आपल्याला चकित करायलाच सरांनी पत्र दडवलं, असं वाटून तिने चक्क हात जोडले. किती भोळं असावं माणसानं!

“याच्यावरच ट्राय मारू,” सचिव म्हणाले. “हे नाव खोड अन् रुची बिसेन लिव.”

रुची म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची पोरगी.

“सर, मजाक करून राहिले का?”

“मजाक काऊन करू? हे पत्र याच कामासाठी थांबलं होतं. पट्टीनं जमलं असतं तं कवाच झालं असतं.”

अल्का उठली. सचिवांनी आवाजही चढवला नाही.

“तुले अनुभवाचा दाखला मीच देणार ना? त्याची बी पीडीएफच आहे. अकरा वर्षांचं एक कराले किती टाइम लागते, आताच तं तू दाखवलं.”

ती बसली. नाव खोडताना तिला वाटलं, बोटं अडतील, निदान थरथरतील तरी. कसली थरथरतात! रुचीचं नाव लहान पडलं आणि शेजारी रिकामी जागा उरली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी अल्काने ती जागा भरून ओळ सारखी केली. अकरा वर्षांची खोड ती. त्या क्षणी तिला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला.

“बाजूचा रकाना बी,” सचिव म्हणाले.

त्या रकान्यात ‘अनुसूचित जाती’ होतं. तिथे तिने ‘इतर मागासवर्ग’ केलं.

सचिवांनी पान मोठं करून पाहिलं, आणखी मोठं करून पाहिलं. “एकदम ओरिजिनल! तुह्या हाताले तोड नाही, अल्का.” त्यांनी प्रिंट काढली आणि ऊब असतानाच तिच्यावर शाळेचा गोल शिक्का मारला.

“वरचं मी पाहून घेईन. रुची सोमवारपासून येऊन राहिली.”

“अन् मी, सर?” तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. “मी नको येऊ का?”

“नको काऊन?” सचिवांना खरोखरच नवल वाटलं. “जशी येतेस तशी ये. पोरीले कम्प्युटर चालूबी करता येत नाही. तिले शिकवाले कोणी पायजे ना?”