रिकामा आरसा

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची. शववाहिकेच्या ड्रायव्हरला गाडी भरधाव नेल्याबद्दल दंड आणि परवाना रद्द अशी शिक्षा झाली. परवाना गेला तर पोट कशावर भरणार, म्हणून त्याने अपील केले. “काका, मेलेल्याला कसली घाई होती?” तरुण न्यायाधीशबाईंनी विचारले. सगळे हसले. “घाई मलाच होती, बाईसाहेब. मागे माणसं चालत येतात, म्हणून जन्मभर आरशात बघत गाडी मुंगीच्या पावलांनी चालवली. त्या दिवशी गाडीतल्या म्हातारीमागे काळं कुत्रंही नव्हतं. रिकामा आरसा बघवेना. मलाही मागेपुढे कुणी नाही.” हसू विरले. बाईंनी दंड कायम ठेवला, परवाना तेवढा वाचवला. त्याला पकडणारा पोलीस शिपाई पुढे बढती घेऊन परगावी गेला. ड्रायव्हर म्हातारपणी भाड्याच्या खोलीत एकटाच वारला. त्याला नेणाऱ्या ड्रायव्हरने आरशात पाहिले आणि वेग कमी केला. मागून पांढऱ्या केसांच्या न्यायाधीशबाई काठी टेकत येत होत्या.