हृदयावरची जाळी

मिरजेच्या इस्पितळात वैजयंती खाटेपासून खिडकीपर्यंत नुसत्या फेऱ्या मारत होती. खाटेवर तिचा थोरला भाऊ दत्ताराम पडून होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि बहिणीची एक घ्यायला तो तयार नव्हता.

"तू दुसऱ्याचं हृदय घेऊन जगतेस. शरीरानं ते नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, त्यांनी किडन्या जातात. हृदय बदलल्यावर आपल्या इनामदारकाकांच्या गेल्याच ना?"

"ते जुन्या गोळ्यांमुळे, दादा. माझ्या हृदयावर औषधाची जाळी बसवलीय. औषध तिथल्या तिथे झिरपतं, रक्तात उतरतच नाही. माझ्या किडन्या धडधाकट आहेत."

"आणि उद्या ती जाळी बिघडली, परत गोळ्या सुरू झाल्या, तर एकीवर भागेल तुझं?"

वैजयंती थबकली. हीच शंका तिलाही छळत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण ज्याचं हृदय मला मिळालं, त्याच्या घरच्यांनी ते देताना कुठे विचारलं, ही किती वर्षं जगेल म्हणून?"

दत्तारामने पडल्या पडल्या तिचा हात धरला.

"सांग डॉक्टरांना," तो म्हणाला. "पण तुला जरा जरी त्रास झाला, तर मी ती परत देणार."

वैजयंतीला हसू आवरेना, आणि रडूही.