‘कंपनी’ची कार्डं

“‘कंपनी’ शब्दाची कार्डं पाठवता का?” शब्दकोशाच्या संपादकांचा फोन आला, म्हणून कार्डांचा खोका उघडला. आम्हा शब्द गोळा करणाऱ्यांची पद्धतच तशी. कानावर पडलेलं वाक्य तिथल्या तिथे कार्डावर उतरवायचं, खाली बोलणाऱ्याचं नाव.

व्यापारी कंपनी, नाटक कंपनी, सैन्यातली कंपनी. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ एका भाकरीतले वाटेकरी. यावर मी तासभर व्याख्यान ठोकत असे.

तळाशी एक कार्ड निघालं. ‘एकटीला जेवण जात नाही हो, जरा कंपनी द्या ना.’ खाली कुमुदचं, माझ्या बायकोचं नाव. तिला जाऊन वर्ष होईल आता.

तेव्हा मी “झकास वाक्य दिलंस!” म्हणत कोरं कार्ड शोधायला आत गेलो होतो. बाहेर आलो, तर ती ताट घासत होती.